थंडीत खरं बोलणारा झेंडा

मंडळी, आजचा विषय आहे टिप-अप. आमच्या मालवण-पुण्याच्या नातेवाईकांपैकी बहुतेकांनी हा शब्द ऐकलाही नसेल. माझी लेक अमेरिकेत मिनेसोटात असते. बाकीचे आजी-आजोबा तिकडे उन्हाळ्यात जातात, मी हिवाळ्यात जाते. बर्फाचा प्रदेश बघायचा तर बर्फ असतानाच जावं, असं माझं आपलं मत. (चौतीस वर्षं भूगोल शिकवल्याचा हा परिणाम!)

तर तिकडे तळी गोठली की लोक त्या तळ्यांवर चालत जाऊन मासे पकडतात. मिनेसोटाला दहा हजार तळ्यांचं राज्य म्हणतात, पण दहा एकरांपेक्षा मोठी तळीच मोजली तरी ११,८४२ भरतात. आमच्या जावईबापूंना आणि बारा वर्षांच्या नातवाला या बर्फावरच्या मासेमारीचं वेड आहे. या वर्षी घरात नवे टिप-अप घ्यायचे आहेत. दुकानात भिंतभर प्रकार टांगलेले असतात. जावईबापूंना मोबाइलवर निरोप पाठवणारा हवा, नातवाला नारिंगी रंगाचा हवा. माझं मत कुणी विचारलं नाही, म्हणून इथे लिहिते.

आधी ही वस्तू काय आहे ते सांगते. बर्फाला मोठ्या गिरमिटाने भोक पाडायचं. त्या भोकावर एक आडवी पट्टी किंवा गोल तबकडी ठेवायची. तिच्यातून एक नळी खाली पाण्यात जाते. नळीच्या टोकाला दोरीचं रीळ, दोरीला गळ, गळाला आमिष म्हणून छोटा मासा. नळीच्या आतून एक बारीक दांडा वर येतो आणि त्याच्या माथ्यावर एक आडवा खटका असतो. लवचिक पोलादी पट्टीवर लावलेला झेंडा वाकवून त्या खटक्याखाली अडकवून ठेवायचा. खाली माशाने आमिष ओढलं की रीळ फिरतं, रिळाबरोबर दांडा फिरतो, खटका सरकतो आणि झेंडा ताडकन उभा राहतो. मग धावत जायचं आणि दोरी हाताने ओढायची. इतकंच. ना बॅटरी, ना मोटर.

मी मालवणची. आमच्याकडे खाडीवर गरवायला बसलं की दोरी बोटावर असते. मासा लागला की आधी बोटाला कळतं, मग डोक्याला. टिप-अपमध्ये हे बोटाचं काम आपण झेंड्याकडे सोपवलेलं असतं आणि आपण लांब उभे राहून चहा पीत असतो. म्हणून तो झेंडा भरवशाचा हवा. रंग, किंमत, नक्षी हे सगळं त्यानंतर.

भरवसा म्हणजे नेमकं काय? शाळेतली माणसं आहोत, शाळेतलंच उदाहरण देते. वर्गात दोन प्रकारचे वाईट मॉनिटर असतात. एक, काहीही झालेलं नसताना दर पाच मिनिटांनी "बाई, बघा ना!" करत येणारा. दुसरा, मागच्या बाकावर मारामारी चालली तरी गप्प बसणारा. टिप-अपचंही तसंच आहे. वाऱ्याने किंवा आमिषाच्या वळवळीने उगीच वर येणारा झेंडा हा पहिला मॉनिटर. मासा लागला तरी खाली पडून राहणारा झेंडा हा दुसरा. लोक पहिल्यावर चिडतात, कारण उगीच धावायला लागतं. माझं म्हणणं, दुसरा जास्त वाईट. त्याने फक्त आपलं नुकसान होत नाही, माशाचा जीव जातो.

हे जरा समजावून सांगते, कारण माझ्या लेखाचा सगळा जोर इथेच आहे. तिकडे टिप-अपला नॉर्दर्न पाइक नावाचा लांबट, दातांचा मासा पुष्कळ लागतो. तो आमिष आधी आडवं धरतो, थोडं अंतर नेतो, थांबतो, तोंडातल्या तोंडात फिरवतो आणि मग डोक्याकडून गिळतो. झेंडा वेळेवर आला आणि माणूस लगेच पोचला तर गळ तोंडाच्या कडेला लागतो, सहज निघतो. झेंडा आलाच नाही तर गळ पोटात जातो. असा मासा पुन्हा पाण्यात सोडला तरी जगेल याची खात्री नसते.

आता तुम्ही म्हणाल, सोडायचा कशाला? पकडला तर खायचा. पण तिथे तसं चालत नाही. मिनेसोटाने २०१८ सालापासून पाइकसाठी राज्याचे तीन विभाग केले आहेत. त्यातल्या उत्तर-मध्य विभागात २२ ते २६ इंच लांबीचा पाइक ठेवताच येत नाही, सोडूनच द्यावा लागतो. म्हणजे मोठे होऊ पाहणारे मासे तळ्यात राहावेत. नियम चांगला आहे. पण गळ गिळलेला चोवीस इंची पाइक नियमाप्रमाणे सोडून दिला आणि तो तळाशी जाऊन मेला, तर तो नियम कागदावरच पाळला गेला. माशाला त्याचा काय उपयोग? म्हणून मी म्हणते, भरवशाचा टिप-अप घेणं हा हौसेचा प्रश्न नाही, तो जबाबदारीचा प्रश्न आहे.

आता निवड कशी करावी? मुद्द्यांनी सांगते, जुनी सवय आहे.

पहिला मुद्दा, रीळ पाण्याखाली असलेलाच टिप-अप घ्यावा. यात आपला सहावी-सातवीचा भूगोल आहे. पाणी ४ अंश सेल्सियसला सर्वांत जड असतं. त्यामुळे हिवाळ्यात ते तळाशी बसतं, त्याहून थंड पाणी वर येतं आणि बर्फ वरच्या अंगाला धरतो. बाहेर उणे २० असलं तरी बर्फाखालचं पाणी शून्याच्या खाली जात नाही. म्हणून पाण्यात बुडलेलं रीळ गोठत नाही. रीळ वर हवेत असेल तर पहिल्याच ओल्या दोरीबरोबर ते जाम होतं. थंडीची चेष्टा करू नका, याच राज्यात टॉवर नावाच्या गावाजवळ २ फेब्रुवारी १९९६ रोजी उणे ६० अंश फॅरनहाइट, म्हणजे साधारण उणे ५१ सेल्सियस नोंदलं गेलं आहे.

दुसरा मुद्दा, दांडा नळीच्या आत बंद असावा आणि नळीत थंडीत न घट्ट होणारं वंगण असावं. भोकातल्या पाण्यावर थोड्या वेळात बर्फाची साय धरते. दांडा उघडा असेल तर ती साय दांड्यालाच पकडते. नळी असेल तर साय नळीला पकडते आणि दांडा आत मोकळा फिरतो. पण आत साधं ग्रीस असेल तर ते थंडीत आपल्या थिजलेल्या खोबरेल तेलासारखं होतं. शेजारच्या विस्कॉन्सिन राज्यात बीव्हर डॅम नावाचं गाव आहे. त्या गावाच्या नावाने विकला जाणारा जुना टिप-अप याच रचनेचा आहे आणि म्हातारे कोळी अजून त्याचंच नाव घेतात.

तिसरा मुद्दा खटक्याचा. पुष्कळ नमुन्यांत खटक्याला दोन बाजू असतात, एक गुळगुळीत आणि एक खाच असलेली. गुळगुळीत बाजू हलक्या ओढीला सुटते, खाचेची बाजू जोराच्या ओढीला. वारा असेल किंवा आमिष दांडगं असेल तर खाच, एरवी गुळगुळीत. ज्या टिप-अपला ही सोय नाही तो पहिला मॉनिटर तरी होतो नाहीतर दुसरा तरी.

चौथा, तबकडीचा. गोल तबकडीचा टिप-अप भोक पूर्ण झाकतो. त्यामुळे भोक लवकर गोठत नाही आणि वारा उडवतो तो भुरभुरीत बर्फही आत जात नाही. पट्टीचा टिप-अप आटोपशीर, पण भोक उघडं राहतं आणि सारखं झाऱ्याने साफ करावं लागतं. (तिथे खरोखर आपल्या भज्यांच्या झाऱ्यासारखाच मोठा झारा मिळतो!) लहान मुलं बरोबर असतील तर तबकडी बरी. भोकात पाय जात नाही.

पाचवा, दोरी. विणलेली, लेप चढवलेली जाड दोरी घ्यावी. बारीक नायलॉन हाताला कापतं आणि थंडीत रिळाच्या आकारात वेटोळी धरून बसतं. गळाच्या अलीकडे मात्र पाइकच्या दातांसाठी तारेचा तुकडा हवा. दोरीवर एक छोटं बटण अडकवून ठेवलं की आमिष दर वेळी त्याच खोलीवर जातं. लगेच ओढता यावं म्हणून दोन गळांची जोडणी मिळते, ती मला पसंत आहे. मासा गिळेपर्यंत वाट बघायची पद्धत जुन्या लोकांची. खायचाच असेल तेव्हा ती चालत असेल, सोडायचा असेल तेव्हा नाही. आणि एवढं करूनही गळ खोल गेलाच तर तो उपसून काढू नये, दोरी तोंडाशी कापावी.

दुकानात कसं ओळखायचं? रीळ बोटाने हळूच फिरवून बघा. कुठे खरखर लागली तर परत टांगा. घरी आणलात की दुसरी परीक्षा. टिप-अप पाण्यातून बुचकळून काढा, झेंडा अडकवा आणि तसाच रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवा. घरचा फ्रीझर साधारण उणे १८ अंशांवर असतो, म्हणजे तिकडची जानेवारीची रात्रच. सकाळी दोरीला हलका झटका द्या. झेंडा उठला तर तळ्यावर न्या. आमच्या लेकीच्या फ्रीझरमध्ये मटारच्या पिशवीशेजारी टिप-अप झोपलेला मी बघितलाय, तिला आता त्याचं काही वाटत नाही.

आता मोबाइलवर निरोप पाठवणाऱ्या टिप-अपविषयी. जावईबापू, रागावू नका. यंत्र हुशार आहे, पण ते झेंड्याच्या वरची पायरी आहे. रीळ फिरलं नाही तर निरोप कसला पाठवणार? शिवाय कडक थंडीत फोनची बॅटरी बघता बघता उतरते. आणि मुख्य म्हणजे, त्यामुळे माणूस तंबूत हीटरपाशी बसून राहतो. मिनेसोटाचा कायदा सांगतो की टिप-अप लावणाऱ्याने त्याच्यापासून २०० फुटांच्या आत राहिलं पाहिजे. २०० फूट म्हणजे साठेक मीटर, आमच्या शाळेच्या मैदानाची लांबी. तिथून झेंडा दिसतो, आणि साठीतला माणूसही वेळेत पोचतो. कायदा करणाऱ्याने हे काम माणसाच्या डोळ्यांवर सोपवलंय, ते मला पटतं.

त्याच कायद्याने हिवाळ्यात माणशी दोनच दोऱ्या लावता येतात. मग सहाच्या स्वस्त संचाचा मोह कशासाठी? त्याच पैशात दोन चांगले घ्यावेत. दोनच झेंडे असले की दोन्हींकडे लक्ष राहतं.

कुणी म्हणेल, बाई, एवढं करून खेळच ना तो? मासा मेला तर मेला, बाजारातला मासा काय आनंदाने मरतो? मी स्वतः मासे खाते, सुरमई खाताना डोळ्यांतून पाणी काढत नाही. पण खाण्यासाठी मारणं वेगळं आणि निष्काळजीपणाने मारून परत पाण्यात टाकणं वेगळं. आमच्या कोकणात अन्न टाकत नाहीत. नातवाला हा फरक बाराव्या वर्षी कळला तर मला मासा न मिळाल्याचं काही वाटणार नाही.

जाता जाता एक, टिप-अपपेक्षाही आधी भरवसा बघायचा तो बर्फाचा. चालत जायचं तर नवा, स्वच्छ, काचेसारखा बर्फ निदान ४ इंच हवा. पांढरट बर्फ त्याच्या निम्माच मजबूत, म्हणून तो दुप्पट हवा. ठिकठिकाणी भोक पाडून मोजत जायचं. आणि एवढं करूनही कुठलाच बर्फ पूर्ण सुरक्षित नसतो असं तिथलं सरकारी खातंच सांगतं.

असो. लेख लांबला, नेहमीसारखाच. माझं मत, दोन तबकड्यांचे, पाण्याखालच्या रिळाचे, साधे टिप-अप घ्यावेत आणि रंगाचा निर्णय नातवाला द्यावा. नारिंगी बर्फावर लांबून दिसतो, तेव्हा त्याचं बरोबरच आहे. जावईबापू हे वाचतीलच. नातवाला अजून जोडाक्षरं अडतात, त्याला मी फोनवर वाचून दाखवीन. तुमच्यापैकी कुणी थंड मुलुखात राहून हा उद्योग करत असेल तर तुमचा अनुभव जरूर कळवा.