पातं घरात, परवानगी परदेशात

दारव्ह्यासारख्या तालुक्याच्या गावात रेडियमचं दुकान शोधावं लागत नाही. दुचाकीच्या नंबरप्लेटवरचे आकडे, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर मालकाचं नाव, ऑटोच्या काचेवर 'आईची कृपा', दवाखान्याच्या दारावरची वेळ, सगळं तिथेच होतं. दुकानदार संगणकावर कोरल हे सॉफ्टवेअर उघडतो, अक्षरं जुळवतो, कमांड देतो आणि कोपऱ्यातलं कटिंग मशीन रेडियमच्या रोलवर बारीक पातं फिरवू लागतं. मग तो चिमट्याने 'व'च्या पोटातला नको तो तुकडा उपसतो, वरून चिकटपट्टी दाबतो आणि अख्खं नाव उचलून काचेवर बसवतो. मशीन संगणकाला वायरने जोडलेलं. इंटरनेट गेलं तर या दुकानात अडचण एकच होते: गिऱ्हाइकाचं यूपीआय चालत नाही.

हेच मशीन लहान आणि देखणं होऊन हौशी माणसाच्या घरात आलं की मामला बदलतो. अमेरिकेतल्या युटा राज्यातली 'क्रिकट' ही या जातीच्या यंत्रांची सगळ्यात प्रसिद्ध कंपनी. रुखवतातली नावं, वाढदिवसाचं कागदी तोरण, गणपतीचं पुठ्ठ्याचं मखर असली कामं हे यंत्र सुरेख करतं. 2018 मध्ये महाराष्ट्रात थर्माकोलवर बंदी आल्यापासून पुठ्ठा आणि कागद कापणाऱ्यांची हौस वाढली, तिलाही ते सोयीचं. पण ते चालतं 'डिझाइन स्पेस' नावाच्या कंपनीच्याच सॉफ्टवेअरवर, कंपनीकडे खातं उघडून. आधी साठवून ठेवलेलं काही काम इंटरनेटशिवाय करता येतं, हे खरं. तरी यंत्राची नाळ कंपनीच्या सर्व्हरशी जोडलेली राहते ती राहतेच.

ही नाळ किती आवळता येते, ते मार्च 2021 मध्ये दिसलं. मासिक वर्गणी न भरणाऱ्यांना महिन्याला फक्त 20 स्वतःची डिझाइन चढवता येतील, असं क्रिकटने जाहीर केलं. मशीन आधीच पूर्ण पैसे मोजून घेतलेलं. त्यावर स्वतः काढलेलं चित्र कापायचं, तेही आता मोजून मापून. मराठी माणसाला तर ही अट जास्तच टोचली असती. वळणदार देवनागरीत नाव हवं असेल तर ते आधी श्रीलिपीसारख्या अक्षरांच्या किंवा इंकस्केपसारख्या चित्रांच्या सॉफ्टवेअरमध्ये जुळवायचं आणि चित्र म्हणून चढवायचं, हा सरळ मार्ग. एका लग्नाच्या रुखवतात 20चा कोटा संपून जाईल! हजारो ग्राहक चिडले, सही-मोहिमा निघाल्या, आणि आठवडाभरातच कंपनीचे प्रमुख आशिष अरोरा यांनी निर्णय मागे घेतला. कंपनीचे शेअर बाजारात येणार होते ते त्याच महिन्यात, हा योगायोग नजरेआड करण्यासारखा नाही.

कंपनी नमली म्हणून प्रश्न मिटला असं मात्र झालं नाही. याआधी, क्रिकट ज्या प्रोव्हो क्राफ्ट कंपनीचं उत्पादन होतं, तिने या यंत्राला दुसऱ्याचं सॉफ्टवेअर जोडू देणाऱ्यांना कोर्टात खेचलं होतं. 'मेक द कट' आणि 'शुअर कट्स अ लॉट' या दोन्ही सॉफ्टवेअरना क्रिकटचा आधार काढून घ्यावा लागला. म्हणजे दुसरी वाट आधीच बुजवलेली होती. 2018 मध्ये जुन्या यंत्रांसाठीचं 'क्राफ्ट रूम' कंपनीने बंद केलं, तेव्हा पातं, मोटर, रूळ सगळं धडधाकट असलेली यंत्रं जुन्या कार्ट्रिजांवर येऊन थांबली.

इतरांची तऱ्हा वेगळी नाही. 'ग्लोफोर्ज' या लेझर कटरसाठी 2015 मध्ये लोकांनी तीस दिवसांत सुमारे 2.8 कोटी डॉलर आगाऊ भरले. पण लाकडावर लेझर कुठून कसा फिरवायचा, याचं गणित होतं कंपनीच्या सर्व्हरवर. 'बांबू लॅब' या चिनी कंपनीच्या 3डी प्रिंटरचा किस्सा तर कोणाला सांगितला तरी खोटा वाटावा. ऑगस्ट 2023 मध्ये तिच्या क्लाउडमध्ये घोटाळा झाला आणि काही घरांतले प्रिंटर मालक झोपलेले असताना आपसूक सुरू झाले. आधी छापून ठेवलेल्या वस्तूवरच त्यांनी पुन्हा छपाई केली. जानेवारी 2025 मध्ये याच कंपनीने प्रिंटरला आज्ञा कोणत्या सॉफ्टवेअरने द्यावी यावर आपल्या मंजुरीचा पहारा बसवायचं ठरवलं. ओरड झाली तेव्हा जाणकारांसाठी एक वेगळी वाट खुली ठेवली.

कंपन्यांची बाजूही ऐकायला हवी. सर्व्हरला वीज लागते, माणसं लागतात, सॉफ्टवेअर दरवर्षी नव्या संगणकांशी जुळवावं लागतं. हजारो तयार डिझाइन पुरवायची तर त्यांच्या कलाकारांना पैसे द्यावे लागतात. नवशिक्याला चार बटणांत काम जमतं, ते या सोयीमुळेच. हे सगळं मान्य. डिझाइनच्या भांडाराची वर्गणी कंपनीने खुशाल घ्यावी. ज्याला हवी तो भरील. इथवर तक्रार नाही. विकलेल्या पात्यालाही वर्गणीच्या दावणीला बांधायचं, इथे घोडं पेंड खातं. पुस्तकांचं भाडं घेणारा वाचनालयवाला वाचकाच्या घरच्या चष्म्यावर हक्क सांगत नाही.

मालकी कुणाची आणि वापर कुणाचा, हा घोळ दारव्ह्याला नवा नाही. यवतमाळ-मूर्तिजापूर ही शकुंतला रेल्वे दारव्हा-मोतीबागवरून धावायची. गाड्या भारतीय रेल्वेच्या, मार्ग मात्र इंग्रजी अमदानीतल्या सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनीचा. करार होत राहिले, पैसा मोजला गेला, आणि दुसऱ्याच्या रुळांवर खर्च करायचा कुणी, हा वाद काही मिटला नाही. शेवटी गाडी थांबली. पण त्याच शकुंतलेची दुसरी बाजू जास्त बोलकी आहे. मँचेस्टरला 1921 साली बनलेलं तिचं वाफेचं इंजिन 1923 पासून 1994 पर्यंत धावलं. सत्तर वर्षं! इकडच्या फिटरनी ते उघडलं, दुरुस्त केलं, परत जोडलं. रोज सकाळी मँचेस्टरहून होकार येण्याची वाट कुणाला पाहावी लागली नाही.

सॉफ्टवेअरला कुलूप नसावं, असंही कुणी म्हणत नाही. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी गावोगावच्या डीटीपीवाल्यांनी वर्षानुवर्षं वापरली. लग्नपत्रिका, हँडबिलं, साप्ताहिकं त्यावरच निघाली. तिलाही कुलूप होतं: संगणकाला लावायचा एक डोंगल. तो हरवला की हातपाय गळायचे. पण डोंगल दुकानाच्या ड्रॉवरमध्ये असायचा, ज्याचा त्याच्या ताब्यात. पैसे एकदा घ्या, कुलूप घाला, किल्ली घेणाऱ्याला द्या, असा तो साधा व्यवहार होता.

आणि इंटरनेट ही काही सूर्यासारखी रोज उगवणारी गोष्ट नव्हे. पावसाळ्यात लाइन गेली की टॉवर मान टाकतो. नोव्हेंबर 2021 मध्ये शेजारच्या अमरावती शहरात हिंसाचारानंतर प्रशासनाने काही दिवस इंटरनेटच बंद ठेवलं होतं. मोठ्या शहरात फायबर असलेल्या घरात बसून ज्यांनी ही यंत्रं आखली, त्यांच्या हिशेबात हे दिवस धरलेलेच नसतात.

आपल्याकडे कायदा काय म्हणतो? 30 नोव्हेंबर 2023 रोजी केंद्राने ऑनलाइन विक्रीतल्या फसव्या युक्त्यांविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यातल्या 13 प्रकारांत वर्गणीचा सापळाही आहे. मात्र तो मुख्यतः वर्गणी सोडताना घातल्या जाणाऱ्या अडथळ्यांचा. वर्गणीशिवाय यंत्र मुकं पडण्याचा नव्हे. 2022 च्या डिसेंबरात 'दुरुस्तीचा हक्क' पोर्टल आलं, त्यात शेतीची अवजारं, मोबाइल, घरगुती उपकरणं आणि वाहनं हे चारच गट धरले. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात 'अनुचित करार' आहे, आणि योग्य कारणाशिवाय एकतर्फी करार मोडण्याची मुभा ठेवणारं कलम त्यात मोडतं. ऐकायला छान. पण अनुचित कराराची तक्रार जिल्हा आयोगापुढे चालत नाही, राज्य आयोगाकडे न्यावी लागते. वीस-पंचवीस हजारांच्या हौसेच्या यंत्रासाठी दारव्ह्याची कोणती गृहिणी यवतमाळ सोडून तिथवर जाईल?

तेव्हा खटल्यापेक्षा खोक्यावरची छपाई जास्त उपयोगाची. ब्रिटनमध्ये एप्रिल 2024 पासून इंटरनेटला जोडल्या जाणाऱ्या वस्तूंच्या उत्पादकाला सुरक्षा-अपडेट किती काळ देणार, ते जाहीर करावं लागतं. अमेरिकेच्या व्यापार आयोगाने त्याच वर्षी अशा 184 वस्तूंची पाहणी केली, तर जवळजवळ 89 टक्के वस्तूंच्या कंपन्यांनी सॉफ्टवेअरचा आधार किती वर्षं मिळेल ते आपल्या संकेतस्थळावर लिहिलेलंच नव्हतं. आपल्याकडे पाकिटावर कमाल किंमत आणि उत्पादनाचा महिना छापतात. त्याखाली दोन ओळी वाढवायला काय हरकत आहे: इंटरनेटशिवाय हे यंत्र काय काय करील, आणि सॉफ्टवेअर किमान कोणत्या सालापर्यंत चालेल?

तोवर पर्याय नाही असं नाही. इंकस्केप फुकट आहे, आणि आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात त्याचे पाठ मराठीतूनही आहेत. भरतकामाच्या मशीनसाठी इंक-स्टिच, लेझरसाठी लेझरजीआरबीएल ही सॉफ्टवेअरही पैसे मागत नाहीत. 'सिल्हुएट' या क्रिकटच्या स्पर्धक यंत्राचं मूळ सॉफ्टवेअर संगणकावर उतरवून घेता येतं आणि इंटरनेटशिवाय चालतं. शिकायला थोडा वेळ जातो, एवढंच.

सगळ्यात निकडीचा मुद्दा शाळांचा. केंद्राच्या योजनेतून अटल टिंकरिंग लॅब या शालेय प्रयोगशाळेसाठी शाळेला 20 लाख रुपयांपर्यंत अनुदान मिळतं आणि सामानात 3डी प्रिंटर असतो. 2025-26 च्या अर्थसंकल्पात पाच वर्षांत सरकारी शाळांत अशा 50 हजार लॅब उभारण्याची घोषणा झाली आहे. अनुदान ठरावीक वर्षांचं, यंत्राला वर्गणी असली तर ती मात्र कायमची, आणि ती भरायची वेळ आली की मुख्याध्यापक कुठल्या खात्यातून भरणार? यवतमाळ जिल्ह्यातल्या ज्या शाळा ही खरेदी करतील, त्यांनी निविदेत एक अट घालून घ्यावी: यंत्राने पेनड्राइव्ह किंवा मेमरी कार्डवरची फाइल कुठलंही खातं न उघडता छापली पाहिजे. आणि बिल मंजूर करण्याआधी पुरवठादाराला वर्गात बोलवून, वायफाय बंद करून, मुलांसमोर एक वस्तू छापून दाखवायला सांगावं.