तंजावरच्या भिंतीकडे पाठ

दक्षिण भारताच्या सहलींच्या पत्रकात तंजावरच्या वाट्याला पुरता एक प्रहरही येत नाही. त्रिचीहून निघालेली बस बृहदीश्वरापुढे थांबते, प्रवासी नंदीसमोर छायाचित्रे काढून घेतात, दोनशे फुटांहून उंच विमानाकडे मान वर करून पाहतात आणि मदुराईचा रस्ता धरतात. ज्या आवारात हे मराठी प्रवासी उभे असतात, तेथील भिंतीवर त्यांच्याच भाषेत, देवनागरी लिपीत भोसले कुळाचा इतिहास कोरलेला आहे, हे त्यांना कोणी सांगत नाही. तेही कोणाला विचारीत नाहीत. वाटाड्याने ऐकविलेली, संभाजीराजांच्या नावावरून सांबार झाल्याची दंतकथा तेवढी घेऊन ते परततात. तिला पुरावा नाही, पण ती चविष्ट आहे!

राजराज चोळाने १०१० मध्ये पूर्ण केलेले शिवालय आणि दुसऱ्या सरफोजीराजांनी १८०३ मध्ये तेथे कोरविलेला हा लेख यांत आठ शतकांचे अंतर आहे. आर्य-द्रविड भेदाची भिंत उभारून तिच्या सावलीत राजकारणाची दुकाने थाटणाऱ्यांना या दगडी भिंतीने केव्हाच उत्तर दिले आहे. व्यंकोजीराजे तेथे लष्कर घेऊनच गेले, हे खरे. पण भोसल्यांनी चोळांचे लेख पुसले नाहीत. चोळांच्याच महादेवाच्या पायाशी आपली वंशावळ ठेवली. व्यंकोजीपुत्र शहाजीराजांनी 'पल्लकी सेवा प्रबंधम्' रचले ते तेलुगूत, आणि तेही तिरुवारूरच्या त्यागराजाच्या सेवेसाठी. परका राज्यकर्ता असा वागतो काय?

याच शहाजीराजांनी मराठीतही नाटके लिहिली. त्यांची कारकीर्द १७१२ मध्ये संपली. विष्णुदास भाव्यांचे 'सीतास्वयंवर' सांगलीत रंगले ते १८४३ साली. तरीही मराठी रंगभूमीचा जन्मदिवस भाव्यांपासूनच मोजला जातो. सज्जनगडावर ज्या राममूर्तींपुढे सहस्रावधी मस्तके नमतात, त्या तंजावरहून आल्या, हे तरी किती भाविकांना ठाऊक असते?

याहून मोठी उपेक्षा सरस्वती महाल ग्रंथालयाची. तेथे तीन हजारांहून अधिक मराठी हस्तलिखिते आहेत, मोडी कागदपत्रांचे रुमालच्या रुमाल आहेत. १८५५ मध्ये राजा शिवाजी यांच्या मागे पुत्र नाही, एवढे निमित्त कंपनी सरकारला राज्य गिळावयास पुरले. सुदैवाने ग्रंथ उरले. त्या मोडी कागदांपैकी निवडक भागाचा तमिळ अनुवाद तंजावरच्याच तमिळ विद्यापीठाने प्रसिद्ध केला. ज्यांना महाराष्ट्रातील दिवाणखान्यांत बसून भाषांध म्हणून हिणविले जाते, त्या तमिळांनी मराठ्यांचे दप्तर उघडले, वाचले आणि आपल्या भाषेत नेले. आणि मराठेशाहीच्या नावाने सभा गाजविणारे? त्यांच्यापैकी किती जणांना मोडीची चार अक्षरे लावता येतात? छत्रपतींच्या सावत्र बंधूंचे राज्य पावणेदोनशे वर्षे जेथे नांदले, ते गाव म्हणजे त्यांच्या लेखी वाटेवरचा एक थांबा!

तंजावरसाठी एक दिवस वाढविला तर सहलीचे भाडे वाढेल, असे कारण आयोजक पुढे करतात. त्याच पत्रकात म्हैसुरी रेशमाच्या खरेदीसाठी अर्धा दिवस राखून ठेवलेला असतो.