बंदूक, आकडे आणि न्यायालय

सामान्य नागरिकाने बंदूक जवळ बाळगून रस्त्यावर वावरल्याने गुन्हे घटतात की वाढतात, ह्याविषयी अमेरिकेतील संशोधकांमध्ये पाव शतकाहून अधिक काळ वाद चालू आहे. वाद आकड्यांचा असला तरी पणाला लागले आहेत ते माणसांचे प्राण. म्हणून तो नीट समजून घेणे आम्हांस अगत्याचे वाटते.

१९९७ साली जॉन लॉट व डेव्हिड मस्टर्ड ह्यांनी १९७७ ते १९९२ ह्या काळातील काउंटीवार आकडेवारी तपासून असा निष्कर्ष काढला, की पात्र नागरिकास परवाना देणे बंधनकारक करणाऱ्या राज्यांत हिंसक गुन्हे घटले. समोरचा माणूस सशस्त्र असेल, ह्या धास्तीने गुन्हेगार कचरतो, असा त्यांचा युक्तिवाद. पुढच्याच वर्षी लॉट ह्यांचे पुस्तक आले आणि शस्त्रसमर्थकांना मोठाच आधार मिळाला.

परंतु २००४ साली राष्ट्रीय संशोधन परिषदेच्या समितीने सर्व पुरावा तपासून सांगितले, की त्यावरून गुन्हे वाढतात वा घटतात असा कोणताच निष्कर्ष काढता येत नाही. केवळ खुनांपुरती जेम्स विल्सन ह्यांनी भिन्नमतपत्रिका जोडली.

अडचण कोठे आहे? ती तुलनेत आहे. १९८०च्या दशकाच्या अखेरीस क्रॅक कोकेनच्या व्यापाराने न्यूयॉर्क, लॉस एंजेलिस यांसारख्या महानगरांत रक्तपात माजवला. त्या राज्यांनी असा कायदा केलेला नव्हता. साहजिकच कायदा करणारी राज्ये त्यांच्या तुलनेत सुरक्षित भासली. श्रेय कायद्याला मिळाले. कारण मात्र निराळे असू शकत होते.

हा दोष टाळण्यासाठी जॉन डोनोह्यू व सहकाऱ्यांनी २०१९ साली वेगळी पद्धत वापरली. कायदा करणाऱ्या प्रत्येक राज्याशी पूर्वी मिळताजुळता कल असलेल्या अनेक राज्यांचे मिश्रण करून त्यांनी तुलनेसाठी एक कल्पित राज्य उभे केले. कायद्यानंतर दहा वर्षांनी हिंसक गुन्हे अपेक्षेपेक्षा १३ ते १५ टक्के अधिक आढळले. मूडी व मार्व्हेल ह्या अभ्यासकांनी ह्या निष्कर्षावरही आक्षेप घेतले. तथापि, रँड संस्थेच्या अलीकडील आढाव्यात अशा कायद्यांमुळे मनुष्यहत्या वाढतात ह्या मताकडे पुरावा झुकलेला दिसतो.

विपर्यास असा, की पुरावा स्पष्ट होत असतानाच त्याचे महत्त्व ओसरले. जून २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी न्यूयॉर्कचा शतकाहून जुना निर्बंध रद्द केला. शस्त्रकायदा घटनेच्या शब्दांशी व देशाच्या ऐतिहासिक परंपरेशी सुसंगत आहे काय, एवढेच पाहावयाचे. त्याचे लाभ-हानी तोलायचे नाहीत, असे बहुमताने ठरवले. न्यायमूर्ती ब्रायर ह्यांनी भिन्नमतपत्रात बंदुकीच्या बळींचे आकडे मांडले. त्यांचा ह्या प्रकरणाशी संबंध काय, असा प्रश्न न्यायमूर्ती अलिटो ह्यांनी केला. २०२४ पर्यंत २९ राज्यांत परवान्याचीही अट उरली नव्हती.

संशोधन चुकू शकते आणि नव्या अभ्यासाने सुधारूही शकते. हेच त्याचे बळ आहे. हक्काची मर्यादा केवळ आकड्यांनी ठरू नये, हेही खरे. परंतु मृतांची गणतीच अप्रस्तुत ठरवणारा न्याय जिवंतांचे रक्षण कसे करणार, हा प्रश्न आम्हांस अस्वस्थ करतो.