रात्री बाराची भूक

रात्रीचे पावणेबारा. मी लॅपटॉपसमोर डेडलाइनशी मारामारी करत बसलेली आणि किचनमधून कुरुमकुरुम आवाज. म्हटलं, उंदीर! लाइट लावला, तर माझी रूममेट. ओट्याला टेकून उभी, हातात फरसाणचं अर्धा किलोचं पाकीट. म्हणजे जवळजवळ रिकामंच. सकाळी 'आज फक्त काकडी' असं जाहीर करून बाहेर पडलेली हीच ती! मला हसू आलं आणि तोंडातून निघून गेलं, "काय गं, हावरट!"

एरवी तिने मला उशी फेकून मारली असती. त्या रात्री ती रडायलाच लागली. "मला कंट्रोलच नाहीये यार. दिवसभर एवढी नीट वागते आणि रात्री सगळी वाट लावते."

लग्न तीन महिन्यांवर. वजन उतरवायचा चंग बांधलेला. सकाळी ब्लॅक कॉफी, दुपारी काकडी, आणि रात्री उशिरापर्यंत क्लायंट कॉल, म्हणजे झोप जेमतेम पाच तास. माझा 'हावरट' तिला असा का लागला, हे मला उशिरा कळलं. दिवसभर ती स्वतःला तेच म्हणत होती.

मग गिल्ट घालवायला मी वाचायला बसले. आणि जे हाती लागलं, ते तुमच्या-माझ्या सगळ्यांच्या ड्रॉवरमधल्या बिस्किटांबद्दल आहे.

मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा बदामाएवढा भाग असतो. भुकेचा अकाउंट्स डिपार्टमेंट म्हणा ना! त्याच्याकडे सतत रिपोर्ट येत असतात. एक रिपोर्ट चरबीचा. चरबीच्या पेशी लेप्टिन नावाचं हार्मोन सोडतात. स्टॉक भरपूर, तर लेप्टिन जास्त. खाणं एकदम तोडलं, की लेप्टिन धाडकन खाली, आणि मेंदूला वाटतं, दुष्काळ पडला! न्यूयॉर्कच्या रॉकफेलर युनिव्हर्सिटीत जेफ्री फ्रीडमन यांच्या टीमने १९९४ मध्ये ते शोधलं. दुसरा रिपोर्ट पोटाचा. जठरातून घ्रेलिन सुटतं आणि वर निरोप देतं, 'जेवण पाठवा!' ते १९९९ मध्ये जपानी संशोधकांना सापडलं.

घ्रेलिनची गंमत म्हणजे ते घड्याळ पाळतं. तुम्ही रोज एकला डबा उघडत असाल, तर एकच्या सुमाराला ते चढतं. जेवला नाहीत, तरी थोड्या वेळाने आपोआप उतरतं. म्हणूनच मीटिंग लांबली की दीडला जीव जातो आणि अडीचला 'भूक मेली' असं वाटतं. ती मेलेली नसते. हिशोब वहीत राहतो आणि वसुली रात्री किचनमध्ये होते.

त्यात झोपेचा लोच्या. शिकागो युनिव्हर्सिटीत १२ तरुणांना दोन रात्री फक्त चार-चार तास झोपू दिलं. दोन रात्री मनसोक्त झोपल्यावरच्या तुलनेत त्यांचं लेप्टिन १८ टक्के कमी आणि घ्रेलिन २८ टक्के जास्त भरलं. आणि त्यांना हवं काय होतं? गोड, खारट, मैद्याचं! हा अभ्यास २००४ मधला. नंतर सगळीकडे हार्मोन्सचे आकडे असेच आले नाहीत, पण कमी झोपलेला माणूस जास्त खातो, हे पुन्हा पुन्हा दिसलंय.

बरं, 'पुरे' हा निरोपही लगेच पोचत नाही. पोट ताणलं जावं लागतं, आतड्यातून वेगळी हार्मोन्स सुटावी लागतात. त्याला पंधरा-वीस मिनिटं सहज जातात. फरसाण तोपर्यंत खलास! अमेरिकेत २०१९ मध्ये २० जणांना दोन आठवडे पाकीटबंद प्रोसेस्ड खाणं आणि दोन आठवडे साधं, ताजं जेवण दिलं. ताटात वाढलेल्या कॅलरीज, साखर, फॅट सारखं, आणि खा हवं तेवढं. पाकिटवाल्या दिवसांत तीच माणसं रोज सुमारे ५०० कॅलरीज जास्त खाऊन गेली. जेवलीही भराभर. सध्या गाजणारी वजनाची इंजेक्शनं आतड्यातल्या अशाच एका हार्मोनची, जीएलपी-१ची, नक्कल करतात. म्हणजे ज्याला आपण 'विलपॉवर' म्हणतो, त्यातली बरीचशी केमिस्ट्री आहे!

आणि क्रॅश डाएटवाल्यांनो, ऑस्ट्रेलियातला २०११ चा एक अभ्यास ऐका. दहा आठवडे कडक डाएट करून वजन उतरवलेल्या लोकांची भूक आणि भुकेची हार्मोन्स वर्षभरानंतरही पूर्वीच्या जागी आलेली नव्हती. शरीर विसरत नाही, बॉस.

मग करायचं काय? साधंच. सकाळी कॉफीसोबत काहीतरी खरं खा. अंडं, मोड आलेली मटकी, दही, काहीही. प्रोटीन आणि फायबरने पोट जास्त वेळ भरलेलं राहतं. डब्याची वेळ शक्यतो पाळा. मीटिंगला 'एक ते दीड ब्लॉक' म्हणायला लाजू नका. रात्री खावंसं वाटलं तर आधी आठवा, आज जेवलो किती आणि काल झोपलो किती? आणि हे रडू, हे लपून खाणं नेहमीचंच होत असेल, तर डाएट चार्ट बाजूला ठेवून डॉक्टरांशी किंवा काउन्सेलरशी बोला. त्यात लाजण्यासारखं काही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पोहे केले, भरपूर शेंगदाणे घालून. प्लेट तिच्यासमोर ठेवली आणि सॉरी म्हटलं. ती म्हणाली, "लिंबू पिळ." म्हणजे माफ!

तेवढ्यात आईचा फोन. तिचा ठरलेला प्रश्न, "खाल्लंस का गं काही?" मी नेहमीसारखं 'हो हो' म्हणून फोन ठेवणार होते. मग लक्षात आलं, माझी प्लेट अजून ओट्यावर तशीच पडलीय.

"खातेय," म्हटलं, आणि फोन स्पीकरवर टाकून बसले.