वारशाचे रिव्हॉल्व्हर लख्ख करू नका

१/ वारशाने आलेले रिव्हॉल्व्हर गंजलेले निघाले की घरात सूचना होते, "घासूनपुसून लख्ख करून घ्या." माझे मत नेमके उलट आहे. जुने शस्त्र लख्ख करणे म्हणजे पुष्कळदा त्याचा इतिहास पुसून टाकणे होय.

२/ उदाहरणार्थ, वेब्ली मार्क ६. १९१५ मध्ये ब्रिटिश सैन्याने स्वीकारलेले, .४५५ कॅलिबरचे, सहा गोळ्यांचे रिव्हॉल्व्हर. नळी बिजागरीवर खाली झुकवली की रिकामी काडतुसे एकदम बाहेर पडतात. यंत्रणा देखणी खरीच. परंतु अभ्यासकाची नजर प्रथम शिक्क्यांकडे जाते.

३/ त्यांत निर्मितीचे वर्ष असते, क्रमांक असतो. बाणाचे चिन्ह सरकारी मालकी दर्शवते. टोकाला टोक भिडवलेले दोन बाण आढळले, तर ते शस्त्र सरकारी सेवेतून रीतसर विकले गेले होते. "पणजोबांनी साहेबाच्या हातून हिसकावले" या घरोघरच्या कथेला हा छोटासा शिक्का निरुत्तर करू शकतो.

४/ असे शिक्के फार खोल नसतात. काचकागद गंजासोबत पोलादही खरवडतो आणि अक्षरे पुसट होतात. १९५९ च्या शस्त्र कायद्याचे कलम ८ तर शस्त्रावरील नाव, क्रमांक वा ओळखचिन्ह नष्ट करण्यास मनाईच करते.

५/ मग गंज तसाच ठेवावा काय? मुळीच नाही. शस्त्राची निळसर-काळी झिलई हीदेखील लोखंडाचा ऑक्साइडच असते. सुटे केलेले पोलादी भाग शुद्ध पाण्यात उकळले असता वरवरचा तांबडा गंज काळ्या ऑक्साइडमध्ये पालटतो. सुटलेली भुकटी मऊ ब्रशने झाडावी, भाग पूर्ण कोरडे करावेत आणि तेलाचा पातळ हात द्यावा. खड्डे उरतील, उरू द्यावेत.

६/ हे काम परवानाधारक कारागिराचे आहे, घरच्या हौशी हातांचे नव्हे. त्याहीआधी कायदा येतो : परवानाधारकाच्या निधनानंतर शस्त्र विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावे आणि मगच वारसाने परवान्यासाठी अर्ज करावा.

७/ "आजोबांच्या हातात होते तसे ते पुन्हा दिसावे," ही इच्छा मी समजू शकतो. परंतु नव्या झिलईखाली दिसते ते आजच्या कारागिराचे कसब. आजोबांचा काळ त्या झिजलेल्या कडांत आणि पुसट शिक्क्यांत आहे. गंज थांबवावा, शिक्के वाचावेत, छायाचित्रे काढून नोंद ठेवावी. वारसाचे कर्तव्य इतकेच.