‘सावळी आहे, पण...’

मुलगी पाहून निघालेली मंडळी रिक्षात बसतात आणि जिना उतरेपर्यंत दाबून ठेवलेली चर्चा सुरू होते. ‘‘मुलगी चांगली आहे हो. शिकलेली आहे, बोलायला गोड आहे. सावळी आहे, पण नाकीडोळी नीटस.’’ हे बोलणाऱ्या काकूंना कोणी वर्णद्वेष्ट्या म्हटले, तर त्या मनापासून दुखावतील. त्यांच्या मते त्यांनी मुलीचे कौतुकच केलेले असते.

त्या कौतुकातला ‘पण’ मात्र जरा निरखून पाहण्यासारखा आहे. ‘सावळी आहे, पण’ म्हटले की पुढे गुण यावा लागतो : स्मार्ट आहे, तरतरीत आहे, पगार चांगला आहे. ‘गोरी आहे, पण’ म्हटले की पुढे दोष येतो : स्वभावाने फटकळ आहे, स्वयंपाक येत नाही. म्हणजे जमाखर्च आधीच मांडलेला असतो. गोरेपणा जमेच्या बाजूला, सावळेपणा खर्चाच्या. बोलणाऱ्याला शिवी द्यावी लागत नाही, आवाजही चढवावा लागत नाही. एका उभयान्वयी अव्ययात सारे काम होऊन जाते.

मराठीत त्वचेच्या रंगासाठी शब्दांची कमतरता नाही. गोरीपान, केतकी वर्ण, उजळ, निमगोरी, गव्हाळ, सावळी. विवाहविषयक जाहिरातींत ‘काळी’ हा शब्द जवळजवळ सापडत नाही, कारण तिथे प्रत्येक जण एकेक पायरी वर चढलेला असतो. घरातली सावळी जाहिरातीत गव्हाळ होते आणि गव्हाळ मुलगी निमगोरी. जून २०२० मध्ये ‘शादी डॉट कॉम’ने रंगानुसार स्थळे निवडण्याची सोय काढून टाकली. १९७५ मध्ये बाजारात आलेल्या ‘फेअर अँड लव्हली’च्या नावातला गोरेपणाही त्याच वर्षी गेला आणि त्या जागी ‘ग्लो’ आला. मोठ्या कंपन्यांना जे उमगले, ते रिक्षातल्या चर्चेपर्यंत अजून पोहोचलेले दिसत नाही.

त्याच जून महिन्यात वेस्ट इंडीजचा माजी कर्णधार डॅरेन सॅमी याने एक गोष्ट जाहीरपणे सांगितली. अमेरिकेत पोलिसांच्या हातून जॉर्ज फ्लॉइड या कृष्णवर्णीय माणसाचा मृत्यू झाल्यावर जगभर वर्णद्वेषावर बोलले जात होते, तेव्हाची ही गोष्ट. सॅमी २०१३ आणि २०१४ मध्ये आयपीएलमध्ये हैदराबादच्या संघाकडून खेळला. तिथे त्याला आणि श्रीलंकेच्या तिसारा परेराला ‘कालू’ म्हणत. त्याची समजूत अशी, की हा शब्द दमदार घोड्यासाठी वापरतात! तोही हसत असे, इतरही हसत. शब्दाचा खरा अर्थ कळला, तेव्हा तो संतापला. पुढे एका जुन्या सहकाऱ्याशी त्याचे बोलणे झाले. आपण ते प्रेमाने म्हणत होतो, असे सहकाऱ्याने सांगितले आणि सॅमीने त्यावर विश्वास ठेवला.

प्रेम खोटे असेल असे नाही. आपल्याकडे घरोघरी एखादा ‘काळ्या’ असतो आणि त्याला त्या नावाने हाक मारणारी आजी त्याच्यासाठी ताटात आठवणीने साखर-साय राखून ठेवते. पण इतक्या प्रेमाने दिलेल्या नावाचा अर्थ समजायला सॅमीला सहा वर्षे लागली, हे विसरता येत नाही. कौतुकाचे नाव असते तर पहिल्याच दिवशी कोणीतरी अर्थ सांगून टाकला असता.

हा विषय निघाला, की एक उत्तर ठरलेले असते. ‘‘आपल्याकडे कुठला वर्णद्वेष? आपला विठ्ठल काळा, राम सावळा, कृष्णाच्या तर नावातच काळा रंग!’’ हे अगदी खरे आहे. पंढरीच्या सावळ्या रूपावर महाराष्ट्राने शतकानुशतके जीव ओवाळून टाकला आहे. फक्त विठ्ठलाला स्थळे सांगून येत नाहीत आणि रुक्मिणीला कोणी चहा-पोहे घेऊन बाहेर यायला सांगत नाही. कॅलेंडरवरचा कृष्ण तर हळूहळू निळाच होऊन गेला आहे.

शब्द कसे घसरतात, याचे एक उदाहरण घरचेच आहे. ‘हबशी’ म्हणजे हबश देशाचा, अर्थात अ‍ॅबिसिनियाचा, आजच्या इथिओपियाचा माणूस. तिथे जन्मलेला आणि गुलाम म्हणून विकला गेलेला मलिक अंबर निजामशाहीचा वजीर झाला. त्याने खडकी वसवली, तेच पुढचे औरंगाबाद, आजचे छत्रपती संभाजीनगर. त्या शहराला पाणी पुरवणारी नहर त्यानेच बांधली आणि मोगलांना वर्षानुवर्षे दख्खनमध्ये अडवून धरले ते त्याच्याच गनिमी काव्याने. मुरुडचा जंजिरा ज्यांनी राखला, ते सिद्दीही याच मुळाचे. इतिहासाच्या पुस्तकात हबशी म्हणजे सरदार आणि आरमार. तोच शब्द आज ऐकू येतो तो उन्हात खेळून आलेल्या मुलाला : ‘‘कसा हबशासारखा झालायस बघ!’’

रंगाचा प्रश्न नसतो तिथे चेहरा पुढे येतो. पुण्या-मुंबईत शिकायला आलेल्या मणिपूरच्या मुलीला ‘‘नेपाळची का?’’ हा प्रश्न किती वेळा ऐकावा लागत असेल, याची गणती ती स्वतःही ठेवत नसेल. विचारणारा आपुलकीने विचारतो. पण जानेवारी २०१४ मध्ये दिल्लीच्या लाजपतनगरात अरुणाचलच्या एका तरुण विद्यार्थ्याच्या केसांवरून झालेली टिंगल मारहाणीपर्यंत गेली आणि त्यात त्याचा जीव गेला. त्यानंतर केंद्र सरकारने बेझबरुआ समिती नेमली. ‘‘अहो, गंमत केली’’ हे वाक्य त्यापूर्वीही ऐकू येत होते, त्यानंतरही येते.

घरातल्या गंमतीचा शेवट कुठे होतो? सातारा जिल्ह्यातल्या एका विवाहितेने १९९५ मध्ये आत्महत्या केली. नवरा काळ्या रंगावरून टोमणे मारतो, दुसरी बायको करीन म्हणतो, असे तिने माहेरी सांगितले होते. १९९८ मध्ये साताऱ्याच्या न्यायालयाने नवऱ्याला शिक्षा दिली. जुलै २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्याला निर्दोष सोडले. असे टोमणे ही संसारातली भांडणे आहेत, फौजदारी कायद्याला अभिप्रेत असलेला छळ नव्हे आणि आत्महत्येशी त्यांचा थेट संबंध सिद्ध होत नाही, असे न्यायालयाचे म्हणणे. गुन्हा सिद्ध व्हायला भक्कम पुरावा लागतो आणि तो लागावाच. पण कोर्टात जे गुन्हा ठरले नाही, ते त्या घरात रोजच्या जेवणाइतके नेहमीचे झाले होते, ही गोष्ट निकालाने बदलत नाही.

शिक्षण आणि अधिकार मिळाला, की यातून सुटका होते असे वाटेल. शारदा मुरलीधरन केरळच्या मुख्य सचिव होत्या. त्यांच्या आधी त्याच पदावर त्यांचे पती होते. पतीची कारकीर्द जितकी गोरी तितकीच यांची काळी, अशी टिप्पणी कोणीतरी केली. मार्च २०२५ मध्ये त्यांनी ती फेसबुकवर लिहून टाकली, काढली आणि पुन्हा लिहिली. राज्यातल्या सर्वांत वरच्या खुर्चीवर बसलेल्या बाईच्या कामाचे मोजमापही कातडीच्या रंगाने झाले. त्याच लेखात त्यांनी लहानपणीची एक आठवण सांगितली आहे. चार वर्षांच्या असताना त्यांनी आईला विचारले होते, की मला पुन्हा पोटात घालून गोरी आणि सुंदर करून बाहेर काढशील का?

चार वर्षांच्या मुलीला हे कोण शिकवते, असा प्रश्न पडला तर कोणत्याही प्रसूतिगृहात दुपारच्या भेटीच्या वेळी जाऊन पाहावे. नऊ महिने सुनेला केशर-दूध देणाऱ्या सासूबाई पाळण्यावर वाकलेल्या असतात. बाळ-बाळंतीण सुखरूप आहेत, सगळ्यांचे चेहरे फुललेले आहेत. बाळ गोरे दिसते आहे, असे कोणीतरी म्हणते. सासूबाईंना तेवढ्याने भागत नाही. जन्मतः सगळीच मुले उजळ असतात, हे त्यांना अनुभवाने माहीत आहे. त्या दुपट्याची कड अलगद बाजूला सारतात, चष्मा सारखा करतात आणि झोपलेल्या मुलीच्या कानाची पाळी उजेडाकडे वळवून पाहतात.

‘‘थोडी दबेल पुढे,’’ त्या म्हणतात. ‘‘पण डोळे हिच्या आईचे आहेत.’’