मूल १८ वर्षांचं झालं. आता सही कोणाची?

बौद्धिक दिव्यांगत्व असलेला मुलगा किंवा मुलगी १८ वर्षांची झाली की कायद्याने सज्ञान होते आणि आईवडिलांचं पालकत्व संपतं. बऱ्याच घरांत हे कळतं ते बँकेत, पालकत्वाचं प्रमाणपत्र मागितल्यावर.

हे प्रमाणपत्र १९९९च्या राष्ट्रीय न्यास कायद्यानुसार जिल्ह्यातली स्थानिक समिती देते. पालकाला सहा महिन्यांत त्या व्यक्तीच्या मालमत्तेची यादी द्यावी लागते आणि दरवर्षी हिशेब. हेळसांड झाली तर पालकाला हटवताही येतं. संरक्षण म्हणून हे चांगलंच आहे. पण बँकेच्या एका खात्यासाठी घेतलेला हा कागद पुढे घरात सगळ्याच गोष्टींना लावला जातो. कुठे राहायचं, कामाला जायचं का, लग्न करायचं का!

२०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याने दुसरी वाट दिली, मर्यादित पालकत्वाची. यात आधी पुरेशी मदत करून बघायची. तरीही जमलं नाही तर ठरावीक निर्णयापुरता, ठरावीक काळासाठी पालक नेमायचा आणि त्याने त्या व्यक्तीच्या इच्छेनुसार, तिच्यासोबत निर्णय घ्यायचा. एकटा बसने कामावर जाणारा, पगार मोजून घेणारा तरुण फ्लॅटच्या खरेदीखतात अडतो. मग मदत खरेदीखतापुरतीच हवी.

या वादाची सगळ्यात कठीण बाजू २००९मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर आली. चंडीगढच्या सरकारी संस्थेतल्या एका तरुणीवर तिथेच बलात्कार झाला होता. म्हणजे सुरक्षेसाठी ठेवलं त्याच जागी. उच्च न्यायालयाने गर्भपाताचा आदेश दिला, तिला मात्र मूल हवं होतं. सर्वोच्च न्यायालयाने तिची संमती नसताना गर्भपात करता येणार नाही असं सांगितलं. जानेवारी २०२५मध्ये मुंबई उच्च न्यायालयात २७ वर्षांच्या एका तरुणीच्या वडिलांनी तिच्या गर्भपाताची परवानगी मागितली, तेव्हा खंडपीठानेही विचारलं, की बुद्धी सरासरीपेक्षा कमी म्हणून तिला आई व्हायचा हक्क नाही का?

पालकांची भीती खोटी नाही. 'आमच्यामागे याचं कोण?' हा प्रश्न कायद्याच्या कलमांनी सुटत नाही, आणि फसवून सही घेणारे नातेवाईकही असतातच. पण १९९९च्या कायद्यातही समितीने दोन गोष्टी तपासायच्या आहेत: पालक हवा आहे का, आणि नेमका कशासाठी? अर्ज भरताना या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर 'सगळ्यासाठी' असं देण्याआधी ज्याच्यासाठी अर्ज आहे त्यालाही विचारायला हवं.